शिरोड्याची सवड

‘लिहावयाचें मनांत फार आहे, पण सवड कोठें आहे?’ हें वाक्य आपल्या सुशिक्षित घरांतून जितक्या वेळां ऐकूं येतें, तितक्या वेळां दुसरें क्वचितच येत असेल. कचेरींतून थकून आलेला मुलगा तें म्हणतो. दोन वेळचा स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि स्वतःची नोकरी संभाळणारी सून तें म्हणते. आणि सेवानिवृत्त झालेले आजोबा, ज्यांच्यापाशीं आतां सवडीखेरीज दुसरें कांहीं उरलेलें नाहीं, तेही ‘पूर्वीं सवड नव्हती, आतां उमेद नाहीं’ असें म्हणून तीच तक्रार निराळ्या शब्दांत करितात. त्यांतही कथा-कादंबरीची स्थिति सर्वांहून केविलवाणी. पत्र लिहिलें नाहीं तर नातलग रागावतात, हिशेब लिहिला नाहीं तर महिनाअखेरीस घोटाळा होतो. पण गोष्ट लिहिली नाहीं म्हणून जगांत कोणाचेंच कांहीं अडत नाहीं. जिच्यावांचून अडत नाहीं ती वस्तु घरांत नेहमींच शेवटच्या पंक्तीला बसते.

या प्रश्नाचा शांतपणें विचार करण्यास महाराष्ट्रांत योग्य स्थळ कोणतें, असें कोणीं विचारल्यास आम्ही पुण्या-मुंबईचें नांव न घेतां दक्षिण कोंकणांतील शिरोडें या गांवाचें नांव घेऊं. कै. वि. स. खांडेकर यांनीं आपल्या आयुष्याचीं अठरा वर्षें, म्हणजे १९२० पासून १९३८ पर्यंतचा काळ, या गांवीं शाळामास्तर म्हणून घालविला. आणि ज्या कादंबऱ्यांनीं त्यांचें नांव घरोघर पोंचविलें, त्यांपैकी पहिल्या सहा याच काळांत प्रसिद्ध झाल्या. गेल्या माघांत आम्ही घरचीं सात माणसें चार दिवस या भागांत राहून आलों. समुद्र, माड आणि देवळें हीं तर कोंकणांत सर्वत्रच आहेत. शिरोड्यास आणखी जें कांहीं पहावयास मिळालें, तें येथें सांगावयाचें आहे.

शिरोडें हें सिंधुदुर्ग जिल्ह्यांत, वेंगुर्लें तालुक्याच्या दक्षिण टोंकाकडे, गोव्याच्या सरहद्दीपासून थोड्याच अंतरावर आहे. गोव्यांतही या नांवाचा एक गांव असल्यामुळें प्रवाशानें चौकशी करितांना घोटाळा होऊं देऊं नये. कोंकण रेल्वे १९९८ सालीं पूर्णपणें सुरू झाल्यापासून येथें येणें फार सोपें झालें आहे. सावंतवाडीच्या स्थानकावर उतरावें आणि मळेवाड, आजगांव अशीं गांवें मागें टाकीत मोटारीनें निघावें, म्हणजे तासाभरांत आपण शिरोड्याच्या बाजारांत येतों. खांडेकरांच्या काळीं मुंबईहून यावयाचें तर आगबोटीनें वेंगुर्ल्याच्या बंदरांत उतरावें, आणि घाटावरून यावयाचें तर आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीस यावें, असे मार्ग होते. पावसाळा लागला म्हणजे आगबोटी बंद होत. मुंबई-पुण्याचा लेखकवर्ग, छापखाने, मासिकांच्या कचेऱ्या हें सारें जग अशा वेळीं शिरोड्यापासून किती दूर गेलें असेल, याची कल्पना आज आगगाडीच्या खिडकींत बसून येणें कठीण आहे.

रस्त्याच्या दोहों बाजूंस काजूचीं व आंब्याचीं झाडें, मध्येंच तांबड्या जांभ्या दगडाचें गडगे, उतारावर भाताचीं कापलेलीं शेतें आणि त्यांत दुसऱ्या पिकाचे हिरवे तुकडे, असा हा प्रदेश. घरें चिऱ्याचीं, कौलारू; पुढें शेणानें सारवलेलें खळें, मध्यें तुळशीवृंदावन, मागें विहीर आणि माडा-पोफळींची बाग. आम्ही ज्या घरीं उतरलों होतों तेथील गृहिणीनें सकाळीं घावणे आणि दुपारीं काळ्या वाटाण्याचें सांबारें व सोलकढी वाढली. देशावरच्या मंडळींनीं पहिल्या दिवशीं सोलकढी औषधासारखी चाखली आणि दुसऱ्या दिवशीं ती पुनःपुन्हा मागून घेतली, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

या गांवीं १९२० सालीं बावीस वर्षांचा एक तरुण मास्तर म्हणून आला. जन्म सांगलीचा, शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत अर्धवट सुटलेलें. चुलत्यांच्या घरीं दत्तक गेल्यामुळें गणेश आत्माराम हें नांव जाऊन विष्णु सखाराम हें नांव लागलेलें. प्रकृति अशक्त आणि दृष्टि अधू. येथील ट्युटोरिअल इंग्लिश स्कूल ही शाळा खेड्यांतल्या मुलांस इंग्रजी शिक्षण मिळावें म्हणून निघालेली, नवी व गरीब अशी संस्था होती. अशा शाळेंतील मास्तर म्हणजे केवळ तासापुरता शिक्षक नव्हे. वर्गावर शिकवावें, वह्या तपासाव्या, शाळेच्या पैशाअडक्याची विवंचना वहावी, ज्या मुलाची फी थकली असेल त्याच्या बापाची समजूत घालावी, आणि संध्याकाळीं गांवांतील कोणी कागदपत्र वाचून घेण्यास आला तर त्यालाही बसवून घ्यावें. खेड्यांतील मास्तराचा दिवस हा असा सर्वांच्या मालकीचा असतो.

मग लेखनास वेळ कोठून आला? पहिली गोष्ट ही, कीं खांडेकरांची पहिली कादंबरी ‘हृदयाची हांक’ १९३० सालीं निघाली. म्हणजे गांवीं आल्यावर तब्बल दहा वर्षांनीं. हीं दहा वर्षें ते सवडीची वाट पाहात बसले नव्हते. कविता, टीका, लहानशी कथा, लघुनिबंध असें कांहीं ना कांहीं त्यांच्या हातून होत होतें. आणि हें लेखन छापण्यास मुंबईची वाट धरावी लागे असेंही नव्हतें. शेजारच्या सावंतवाडीस ‘वैनतेय’ नांवाचें साप्ताहिक निघत होतें, त्यांत त्यांचें बरेंचसें आरंभींचें लेखन आलें. साप्ताहिक ही मोठी तगादेखोर सावकारीण आहे. तिला आठवड्याच्या ठराविक दिवशीं मजकूर द्यावाच लागतो. त्या दिवशीं मास्तरांस ताप आला होता कीं परीक्षेच्या वह्या तपासावयाच्या होत्या, हें ती विचारीत नाहीं. आपल्या मराठी कादंबरीचे थोर शिल्पकार हरि नारायण आपटे यांचीही हकीकत याहून निराळी नाहीं. पुण्याच्या आनंदाश्रमाची व्यवस्था व इतर सार्वजनिक कामें अंगावर असतां त्यांनीं १८९० सालीं ‘करमणूक’ हें साप्ताहिक काढलें, आणि ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी त्यांतून अंकाअंकानें वाचकांच्या हातीं पडली. पुढचें प्रकरण वाचण्यास लोक खोळंबले आहेत ही जाणीव ज्याच्या पाठीशीं आहे, त्याला सवड शोधावी लागत नाहीं. ती काढावी लागते, आणि निघतेही.

पहिल्या कादंबरीनंतर मात्र मास्तरांचा हात चालूं लागला. १९३१ सालीं ‘कांचनमृग’, १९३४ सालीं ‘उल्का’ आणि ‘दोन ध्रुव’, १९३८ सालीं ‘हिरवा चांफा’ आणि ‘दोन मनें’ अशा कादंबऱ्या आल्या. त्यांच्या जोडीला कथा, लघुनिबंध आणि १९३६ पासून चित्रपटकथाही. यांतलें बहुतेक सारें शाळा संभाळून झालें. १९३८ सालीं ते कोल्हापुरास गेले आणि तेथून पुढें लेखन हाच त्यांचा व्यवसाय झाला. ‘ययाति’ ही कादंबरी १९५९ सालची. तिच्याकरितां त्यांस १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला आणि तो मिळविणारे ते पहिले मराठी लेखक ठरले. पण त्या कीर्तीचा पाया या गांवच्या शाळेंत घातला गेला, ही गोष्ट शिरोडेंकर अद्याप अभिमानानें सांगतात. गांवांत त्यांच्या स्मरणार्थ उभारलेलें संग्रहालय आहे. मोठें स्मृतिसंग्रहालय कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठांत आहे.

येथें छायाचित्रें पाहात असतां आमच्या वहिनींनीं एक प्रश्न केला, तो या लेखांत वगळणें अप्रामाणिकपणाचें होईल. वहिनी बॅंकेंत नोकरीस आहेत. विवाहापूर्वीं त्यांच्या दोन गोष्टी दिवाळी अंकांत छापून आल्या होत्या. तिसरी अर्धी लिहिलेली अठरा वर्षांपासून ट्रंकेंत आहे. त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, शाळा सुटल्यावर मास्तर लिहावयास बसत, हें खरें. पण ते लिहीत असतां चूल कोण फुंकीत होतें?’

आम्ही यावर कांहीं उत्तर देण्यापूर्वींच आई म्हणाली, ‘फुंकणारीला कोणीं विचारलें असतें, तर तिच्याजवळही गोष्टी निघाल्या असत्या.’

आईस ऐंशी वर्षें पूर्ण झालीं आहेत. हें वाक्य तिनें रागानें म्हटलें नाहीं. भाजी महाग झाली असें म्हणावें तितक्या साधेपणानें म्हटलें. पण संग्रहालयांतून बाहेर पडेपर्यंत आमच्यांपैकीं कोणीच फारसें बोललें नाहीं. सवड ही आकाशांतून पडत नाहीं. एका माणसाचा एक तास मोकळा होतो तेव्हां त्या तासाचें काम दुसऱ्या कोणीतरी उचललेलें असतें. एकत्र कुटुंबांत तर ही देवघेव रोज, न बोलतां, चालू असते. आणि तिचा हिशेब कोठेंच लिहिला जात नसल्यामुळें देणारींचीं नांवें कोणास कळत नाहींत. काशीबाई कानिटकर यांनीं विवाहानंतर, घरच्यांची थट्टा व टोमणे सोसून, वाचावयास शिकून घेतलें आणि पुढें ‘रंगराव’सारखी कादंबरी लिहिली, याचें आपण कौतुक करितों. कौतुक करावेंच, पण तितका सोशिकपणा अंगीं असल्याखेरीज जिला लिहितां येऊं नये, अशी घराची रचना कोणीं केली, हा प्रश्नही त्या कौतुकाबरोबर विचारला पाहिजे.

तिसऱ्या प्रहरीं आम्ही मिठागरें पहावयास गेलों. शिरोड्याचें नांव हिंदुस्थानच्या इतिहासांत गेलें तें या मिठामुळें. १९३० सालच्या मे महिन्यांत येथें मिठाचा सत्याग्रह झाला. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून स्वयंसेवक या आडगांवीं येऊन जमले, त्यांनीं कायदा मोडून मीठ उचललें, लाठ्या खाल्ल्या आणि तुरुंगांत गेले. खांडेकरांची पहिली कादंबरी निघाली तें हेंच साल. ज्या गांवास वर्षभर पुण्या-मुंबईच्या वाऱ्याची झुळूकही क्वचित् लागे, त्या गांवच्या चिखलांत त्या महिन्यांत सारा महाराष्ट्र उभा होता. लेखकास विषय मिळण्यासाठीं शहरांत जावें लागतें असें मानणारांनीं या गोष्टीचा विचार करावा.

येथें अद्यापही मीठ पिकतें. ‘पिकतें’ हाच शब्द येथील लोक वापरतात, आणि काम पाहिल्यावर तोच योग्य वाटतो. समुद्राच्या भरतीचें पाणी खाडीवाटे आंत येतें. उधाणाच्या भरतीला बांधांतील दार उघडून तें साठवणीच्या तळ्यांत घेतात आणि ओहोटी लागण्यापूर्वीं दार लावून टाकतात. तळ्यांतून तें पाटानें क्रमाक्रमानें उथळ वाफ्यांत सोडतात. वाफ्यांची जमीन चिकण मातीची, पाऊस संपल्यावर चोपून चोपून गुळगुळीत केलेली असते. कारण ती सैल राहिली तर पाणी जिरतें आणि मिठांत माती येते. शेवटच्या वाफ्यांत पाणी कांहीं बोटें उंचीचेंच ठेवतात. ऊन आणि वारा आपलें काम करतात, पाणी दाट होत जातें आणि तळाशीं मिठाचे कण धरूं लागतात. मग लांब दांड्याच्या फळीनें तें हलकेच ओढून बांधावर काढतात, तेथें तें निथळतें आणि त्याचे पांढरे ढीग उभे राहतात. पाऊस आला कीं हंगाम संपला. वाफे पुन्हा पाण्याखालीं.

कामावरच्या एका म्हाताऱ्यास आम्ही विचारलें, ‘पाणी एवढें थोडें कां? वाफा भरून घेतला तर मीठ जास्त नाहीं का पिकणार?’ तो हंसला आणि म्हणाला, ‘खोल पाण्याक ऊन पुरना नाय.’

खोल पाण्यास ऊन पुरत नाहीं! सवडीच्या प्रश्नाचें इतकें नेमकें उत्तर आम्हांस कोणत्याही साहित्यशास्त्राच्या ग्रंथांत मिळालें नव्हतें. आपण ज्या सवडीची वाट पाहातों ती खोल पाण्याची असते: पुढच्या उन्हाळ्यांतील संबंध महिना, मुलीचें लग्न झाल्यावरचीं वर्षें, निवृत्तीनंतरचें सारें आयुष्य. एवढें पाणी एकदम मिळालें तरी तें तापत नाहीं. उलट रोजचा अर्धा तास हा उथळ वाफा आहे. त्यांत पाणी थोडें, पण त्याच्या तळापर्यंत ऊन जातें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहावें तों कांहीं कण धरलेले दिसतात. एक साधा हिशेब करून पहावा. अर्ध्या तासांत दोनशें शब्द लिहिले, आणि सण, आजार, पाहुणे, लग्नकार्यें, मुलांच्या परीक्षा हे सारे दिवस वजा जातां वर्षांतले दोनशेंच दिवस हातीं लागले असें धरलें, तरी वर्षाचे चाळीस हजार शब्द होतात. एवढ्यांत एक लहानशी कादंबरी सहज बसते. तिच्यांतलें निम्में टाकाऊ निघालें तरी दोन वर्षांचें काम. अठरा वर्षांचें खचित नव्हे.

मात्र म्हाताऱ्याच्या कामांतील दुसरी गोष्टही विसरतां कामा नये. वाफ्याची जमीन अगोदर चोपून तयार असावी लागते. अर्धा तास मिळाला, पण त्यांतला पाव तास वही शोधण्यांत आणि उरलेला पाव तास ‘काय बरें लिहीत होतों’ हें आठवण्यांत गेला, तर पाणी जिरलें असेंच समजावें. ज्यांस रोज थोडेंच लिहितां येतें त्यांनीं उठतांना उद्यांचें पहिलें वाक्य लिहून उठावें, आणि दिवसभर हातांनीं दुसरीं कामें करीत असतां त्या वाक्याच्या पुढें काय येतें तें मनांत घोळवीत रहावें. भाजी निवडतांना, आगगाडींत लोंबकळतांना, बॅंकेच्या रांगेंत उभें असतांना हें होऊं शकतें. लिहिण्याचें काम टेबलापाशीं होतें. पण गोष्ट बहुतेक करून इतरत्रच जुळते.

शिरोड्याच्या उत्तरेस लागूनच आरवली हा गांव आहे. तेथील वेतोबाचें देवालय सर्वत्र प्रसिद्ध आहे. मूर्ति उभी, मनुष्याहून उंच. नवसाला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याचे भलेमोठे जोडे अर्पण करितात. देव रात्रीं गांवाची राखण करीत फिरतो, त्यामुळें जोडे झिजतात, अशी भाविकांची श्रद्धा आहे. जोड्यांची ती ओळ पाहून लहान मुलें प्रथम हंसतात आणि मग एकाएकीं गप्प होतात. आमच्या पुतण्यानें हळूच एका जोड्याचा तळवा पाहून घेतला.

याच आरवलीचे जयवंत दळवी. त्यांचा जन्म १९२५ सालचा. खांडेकर बाहेरून येथें येऊन राहिले आणि लिहिते झाले. दळवी येथून मुंबईस गेले आणि तेथें राहून या गांवाविषयीं लिहिते झाले. प्रथम वर्तमानपत्रांत आणि पुढें अनेक वर्षें अमेरिकन माहिती खात्याच्या मुंबईच्या कचेरींत त्यांनीं नोकरी केली. ‘चक्र’ ही त्यांची पहिली कादंबरी १९६३ सालीं आली, तेव्हां ते अडतिशींत होते; दुसऱ्याच वर्षीं ‘सारे प्रवासी घडीचे’ हें पुस्तक निघालें, आणि आरवलीचीं माणसें महाराष्ट्राच्या ओळखीचीं झालीं. कचेरी, मुंबईचा रोजचा प्रवास आणि संसार हें सारें चालू असतां कथा, कादंबऱ्या, नाटकें, आणि शिवाय ‘ललित’ मासिकांतील ‘ठणठणपाळ’ या नांवाचें विनोदी सदर इतकें विपुल लेखन त्यांनीं केलें. गांव निजल्यावर वेतोबा फेरीस निघतो असें म्हणतात. नोकरदार लेखकाचीही फेरी बहुधा घर निजल्यावरच सुरू होते. जोडे झिजलेले दिसतात तेव्हांच इतरांस ती कळते.

या दोन शेजारी गांवच्या दोन लेखकांकडे एकत्र पाहिलें म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानीं येते. वेळ मिळणें हा अर्धाच प्रश्न आहे; दिवसभराच्या श्रमानंतर पुन्हा बसावेंसें वाटणें हा दुसरा अर्धा. ती उमेद कीर्तीच्या आशेनें फार दिवस टिकत नाहीं, कारण कीर्ति ही फार सावकाश येणारी पाहुणी आहे, आणि पुष्कळांकडे ती येतच नाहीं. टिकते ती एखाद्या माणसाविषयीं वाटणाऱ्या तळमळीनें. खांडेकरांस वर्गांतला अर्धपोटीं मुलगा दिसत होता. दळव्यांस मागें राहिलेल्या घराच्या ओसरीवरचीं विक्षिप्त, भलीं, दुःखी माणसें दिसत होतीं. त्यांच्याविषयीं सांगितल्याखेरीज त्यांना राहवत नव्हतें. म्हणजे ज्या धांवपळीच्या जीवनास आपण लेखनाचा शत्रू समजतों, त्यानेंच लेखकास माणसें पुरविलीं. शाळा नसती तर शिरोड्याचे मास्तर अधिक रिकामे झाले असते. अधिक मोठे लेखक झाले असते असें म्हणवत नाहीं. आपल्या एकत्र कुटुंबांतील वर्दळीविषयींही हेंच म्हणतां येईल. एका छपराखालीं चार पिढ्या, दोन अबोले, एक रखडलेलें लग्न आणि रोजचीं पंधरा पानें, एवढी सामग्री जिच्या डोळ्यांपुढें आहे, तिला विषय शोधण्यास बाहेर जावें लागणार नाहीं. तिला हवा आहे तो फक्त एक दरवाजा, जो अर्धा तास कोणी ठोठावणार नाहीं.

तो दरवाजा कोणीं लावून द्यावयाचा? आमच्या मतें तो घरानें लावून द्यावा. लिहिणाराचा निश्चय हवाच. पण एकत्र कुटुंबांत एकट्याचा निश्चय चहाच्या दुसऱ्या हांकेबरोबर मोडतो. देवपूजेच्या वेळीं आपण कोणास हांक मारीत नाहीं. मुलांची परीक्षा जवळ आली म्हणजे सारें घर आवाज खालीं आणून बोलतें. तेव्हां मौन पाळण्याची कला आपल्या घरांस अवगत नाहीं असें नव्हे. ती कोणासाठीं वापरावयाची एवढाच प्रश्न आहे. शिरोड्याहून परतल्यावर आमच्या घरीं असें ठरलें आहे, कीं रात्रीं नऊ ते दहा माडीवरची खोली वहिनींची. त्या तासांत मागचें आवरणें पुरुषांकडे आणि दुसऱ्या दिवशींच्या डब्यांची भाजी चिरणें मुलांकडे. पहिल्या आठवड्यांत दोन भांडीं फुटलीं आणि भाजी तीन आकारांत चिरली गेली. पण खोलीचें दार उघडलें गेलें नाहीं. आंत काय लिहिलें जात आहे हें कोणीं विचारावयाचें नाहीं, असा आईचा हुकूम आहे. ट्रंकेंतली वही मात्र आतां ट्रंकेंत नसते.

ज्यांस शिरोड्यास जावयाचें असेल त्यांनीं पौषापासून फाल्गुनापर्यंतचे दिवस निवडावे. हवा सुखाची असते आणि मिठागरांचें कामही चालू असतें. वेळागराचा समुद्रकिनारा स्वच्छ, पांढऱ्या वाळूचा आणि सुरूच्या बनानें वेढलेला आहे. सूर्यास्त तेथून पहावा, पण अनोळखी पाण्यांत खोल जाऊं नये. दक्षिणेस रेडी येथें माउलीचें देवालय, १९७६ सालीं खाणींत सांपडलेली गणपतीची मूर्ति आणि यशवंतगड हीं एका दिवसांत होतात. उत्तरेस आरवली व मोचेमाड घेऊन वेंगुर्ल्यास जातां येतें. चार दिवस पुरतात. एक दिवस मात्र कांहींच न पाहतां, घराच्या ओसरीवर बसून काढावा, आणि जातांना सामानांत एक कोरी वही अवश्य घ्यावी. ज्याची त्यानें, आणि विशेषतः जिची तिनें, निराळी.